भांबुर्ड्याचा एक भारा

चिमा जिना चढून वर आली, पण दारातच थबकली.

“आत ये गो,” वनिता पाटील म्हणाली. “उंबऱ्यावरून फिर्याद ऐकायची मला सवय नाही.”

पेणच्या बाजारात, पापडाच्या दुकानावरच्या खोलीत वनिताचं ऑफिस होतं. विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. आता दारावर स्वतःची पाटी होती, ‘खासगी तपास’. येणारे बहुतेक आईबाप, मुलामुलींच्या लग्नाआधी गुपचूप चौकशी करायला आलेले. त्या चौकश्या करून करून माणूस या प्राण्याविषयी तिचं मत फारसं बरं उरलं नव्हतं. जे काही उरलं होतं, त्याचीही या कामात वाट लागायची होती.

कोपऱ्यात दत्ता म्हात्रे पेपर वाचत होता. गडबचा माणूस, घराणं मिठागरातलं, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. आता तो वनिताची गाडी चालवी. आपलं डोकं चढावर दुसऱ्या गिअरमध्येच चालतं, हे तो स्वतःच सांगे.

चिमा खुर्ची सोडून जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसली.

“मी सावरवाडीची. कासू टेसनाच्या वर, डोंगराकडं. माज्या नवऱ्याला पोलिसांनी नेलानी. मंगळ्याला. बोलतात, तेनं मानूस मारला.”

“पाखरमाळावरचा ना?” दत्तानं पेपर खाली ठेवला. “आलंय बाय पेपरात. पनवेलचा दिनेश पाठारे. शनिवारी ट्रेकला आला, झऱ्याचं पाणी प्याला, उलट्या झाल्या आणि गेला.”

शहरातल्या माणसांना डोंगर दाखवणारी ‘शनिवारवाट’ नावाची कंपनी होती. लोक सकाळच्या गाडीनं कासूला उतरत, पाखरमाळ चढत, वरून खाडी बघत, दुपारी मडक्यात शिजवलेली पोपटी खात आणि संध्याकाळी घरी जाऊन फोटो टाकत. वाट दाखवायला सावरवाडीचा मंगळ्या असे. कातकऱ्यांची ही वाडी पाणी प्यायची ते वाटेतल्याच कोंडीचं, झऱ्याच्या लहानशा डोहाचं.

“ते बोलतात, मंगळ्यानं मासं माराया कोंडीत गेळ टाकला,” चिमा म्हणाली.

गेळ म्हणजे रानातलं काटेरी झुडूप. त्याच्या फळांनी पाण्यातले मासे गुंगून वर येतात. कातकऱ्यांची ही जुनी रीत पोलिसांनाही माहीत होती. कोंडीत गेळाची गोणी सापडली, आणि पुढचा तपास तिथंच आटोपला.

“टाकला होता का त्यानं?”

“नाय गो ताई! तेच पानी आमची पोरं पितात. आता तर कोंडीवर पोलिस बसवलाय. हंडे घेऊन पार हायवेपातूर जावं लागतं. आन गाववाले आमाला ‘विषवाले’ बोलतात. त्यो सुटला नाय तर वाडीला कोन उभं करील?”

“त्या दिवशी तू होतीस वर?”

“नाय. मी सकाळी पोपटीसाठी भांबुर्ड्याचा पाला कापून दिला. एक भारा सांगितलावता, एक दिला. कंपनीची प्रतिक्षाताई टेम्पोतनं घेऊन गेली.” चिमानं पदरानं तोंड पुसलं. “ती तेवढी चांगली. रविवारी सकाळी मी भांडी घासत होते तवा आली. तांदूळ दिलान, तेल दिलान, आन रडायलाच लागली. मग दुपारी पोलिस आलं.”

वनितानं चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ.

“दत्ताभाऊ, गाडी काढा.”

---

गडबच्या पुढं हायवेच्या दुभाजकात कण्हेरी फुलल्या होत्या, गुलाबी आणि पांढऱ्या. एक झुडूप मात्र कमरेपासून बोडकं होतं.

“बघा,” दत्ता करवादला. “खड्डे बुजवायला माणूस नाय, झाडं तोडायला आहे. ते पण एकच.”

“हळू घ्या,” वनिता म्हणाली आणि मागं वळून त्या झुडपाकडं बघत राहिली.

सावरवाडीपासून चिमा पुढं झाली. पाखरमाळाची वाट सोपी होती, कुणीही चढावी अशी, आणि कुणीही चढत असल्याच्या खुणा पावलोपावली होत्या. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, ओले टिश्यू. एका कातळावर रंगानं दोन नावं आणि मधे बदाम. वनिता ट्रेकिंग करणाऱ्यांना निसर्गप्रेमी म्हणायला कधीच तयार नसे. आज तिला त्यांची किळसच आली.

कोंडीवर हवालदार काळुराम दगडावर बसला होता. शेजारी विकतच्या पाण्याची बाटली. वरून झऱ्याची धार कोंडीत पडत होती आणि खालच्या बाजूनं ओहोळ होऊन वाहून जात होती. माघ लागला तरी पाण्याला चांगली ओढ होती.

“गोणी कुठं सापडली?”

“ह्या दगडाखाली. जाळीदार गोणी, कांद्याची असते तशी. आत गेळाची फळं, अख्खी, लिंबाएवढी. कंपनीच्या ताईंची नजर पडली म्हणून, नाहीतर आम्हाला काय दिसणार होती!”

“कधी पडली नजर?”

“रविवारी दुपारी. पंचनाम्याला आलो तेव्हा. त्यांनीच वाट दाखवली.”

दत्ता पाण्यावर वाकला होता. “बाय, विष म्हणतात आणि हा खेकडा बघा कसा मजेत चाललाय. बारीक मासळीपण आहे.”

“असेल एखादा कोडगा,” काळुराम म्हणाला. खात्यातल्या अनुभवावरून त्यानं हा अंदाज बांधला असावा.

माथ्यावर आल्यावर दत्ता कड्याच्या टोकाशी गेला. पश्चिमेला खाडीची चंदेरी वळणं, मिठागरांचे चौकोन, भाताची कापलेली खाचरं, खाली कासूचं स्टेशन. उत्तरेला कर्नाळ्याचा सुळका. जन्म गडबात काढून आपलं गाव वरून कसं दिसतं, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. वनितानं त्याला थोडा वेळ बघू दिलं आणि मग पोपटीच्या जागेकडं वळली.

राखेची दोन वर्तुळं होती. एक मोठं, एक लहान.

पोपटी लावायची रीत रायगडात पोरासोरांनाही ठाऊक असते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, मीठ, ओवा. तोंडातही पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत. सगळं पाल्याच्या वाफेवर आणि रसावर शिजतं.

“दोन मडकी?” वनितानं विचारलं.

“आमाला एकच सांगितलावता,” चिमा म्हणाली. “एका मडक्याला एक भारा.”

मोठ्या मडक्याचा पत्ता नव्हता. ते परत नेलं असावं. लहान मडक्याची खापरं मात्र दत्ताला कड्याखालच्या झुडपांत दिसली. तो धापा टाकत खाली उतरला आणि तळाचा तुकडा घेऊन वर आला. तळाला एक पान करपून चिकटलं होतं. लांब, निमुळतं, चिवट. त्यानं नाकाशी धरलं.

“भांबुर्ड्याचा वास हात धुतला तरी जात नाय. ह्याला काहीच नाय.”

वनितानं खापर पिशवीत घातलं. “चिमा, पोपटी लावताना मंगळ्या इथं होता?”

“नाय. तेला माणसं घेऊन पुढच्या टोकाला पाठवलावता, खाडी दाखवाया. आला तवा जाळ लागलावता. जेवला पन लांबच, आपली भाकर. तेला त्यांच्यात बसवत नायत.”

---

निलेश भोईर, ‘शनिवारवाट’चा मालक, पेणला एका हॉटेलात भेटला. त्यानं आधी वेटरला चहा बदलून आणायला लावला, मग दिनेशच्या मृत्यूबद्दल दुःख व्यक्त केलं.

“एवढी वर्षं कमावलेलं रेटिंग, ताई! एका अडाणी माणसामुळं मातीत.”

“तुम्ही होता शनिवारी?”

“मी पनवेलला. प्रतिक्षाचा फोन आल्यावर गाडी पकडून आलो, तोवर त्याला दवाखान्यात हलवलं होतं. सगळं तीच बघते. पेणहून मडकी, भाजी घेऊन टेम्पो तीच आणते. जेवण तीच लावते. सोन्यासारखी मुलगी.”

“दुसरं मडकं कुणी सांगितलं?”

“ऐनवेळी दोघांनी व्हेज मागितलं. शनिवारी खात नाहीत म्हणे. आता गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? मी सकाळी फोन केला तिला.”

“कातकरी गेळानं मासे मारतात, हे तुम्हाला आधी माहीत होतं?”

निलेशचा चेहरा उजळला. त्यानं मोबाइल पुढं केला. “आमचा सगळ्यात चाललेला रील! प्रतिक्षानंच काढलाय.”

रील सुरूच होत होता तो मंगळ्या डबक्यात टोपली रिकामी करतो तिथून. टोपलीतून तपकिरी काहीतरी पाण्यात पडलं. मागचं रान करपलेलं, दगड पांढरेफटक, पाणी हिरवं आणि थिजलेलं. मग मासे उताणे होऊन वर आले, आणि त्यावर कुणीतरी टाळ्यांचा आवाज चिकटवला होता.

“हे असं विष टाकणारे लोक,” निलेश म्हणाला. “आपण यांना काम देतो, वर हे.”

“ह्याच लोकांचा रील दाखवून तुम्ही गिऱ्हाइकं आणता,” वनिता म्हणाली आणि त्याच्या चहाला हात न लावता उठली.

---

प्रतिक्षा अष्टमीला, कुंडलिकेच्या पुलाजवळ आईसोबत राहायची. डोळे सुजलेले. पूर्ण बाह्यांचा ड्रेस. चहाचा कप पुढं करताना बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते आणि काट्यांच्या काळ्या टोचण्या.

“लागलंय वाटतं?” दत्तानं आपुलकीनं विचारलं.

“शनिवारी पोपटीची लाकडं गोळा करताना. जेवायच्या आधी.” तिनं बाही ओढली. “मॅडम, मला मंगळ्यामामांचं फार वाईट वाटतं. मुद्दाम नसेल केलं त्यांनी. अज्ञान असतं हो या लोकांत.”

“पाणी कोण कोण प्यालं?”

“दिनेशसर आणि मनस्वीमॅडम. दोघांनीच बाटल्या भरल्या. बाकीच्यांकडं घरचं पाणी होतं.”

“दोन्ही मडक्यांना पाला पुरला?”

तिनं कप बशीवर ठेवला. “हो. चिमामावशी भरपूर देतात.”

बाहेर आल्यावर दत्ता हळहळला. “चांगली पोर आहे हो. मंगळ्याच्या घरी तांदूळ दिला. आजकाल कोण देतं?”

“खरंय,” वनिता म्हणाली. “आजकाल कोणी देत नाही.”

---

मनस्वी कर्वे पनवेलला भेटली. तब्येत सुधारली होती. तिच्या भाषेत हा सगळा ‘वाईट अनुभव’ होता आणि तिला तो मागं टाकायचा होता.

“कोंडीवर बाटल्या कुणी भरल्या?”

“सगळ्यांनीच. किती छान पाणी होतं! थांबा, फोटो आहेत.”

पहिल्या फोटोत मंगळ्या कोंडीवर वाकून ओंजळीनं पाणी पीत होता आणि त्याच्या मागं सगळे बाटल्या घेऊन रांगेत उभे होते. दुसरा जेवणाचा. प्रतिक्षा बाह्या दुमडून वाढत होती. गोरे, स्वच्छ हात, कोपरापर्यंत उघडे.

“हे तुम्ही पोलिसांना दाखवलंत?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

“ज्या पाण्यानं माणूस मेला म्हणून मंगळ्याला धरलंय, ते पाणी तो स्वतः तुमच्यासमोर प्याला. हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो, पण... उगाच कोर्ट-कचेरी कोण मागं लावून घेईल?”

वनितानं टेबलाची कड घट्ट धरली. असल्या सभ्य माणसांपेक्षा तिला खोटे दावे लावणारे बरे वाटत. ते निदान घाबरलेले तरी असत.

“लहान मडक्यातलं कोण जेवलं?”

“मी आणि दिनेश. मी दोन बटाटे खाल्ले. कडवट होते. तो मात्र शेंगांवर तुटून पडला. वाल म्हणजे जीव की प्राण त्याचा.” तिचा आवाज पहिल्यांदाच जरा बसला. “दवाखान्यात माझ्या शेजारच्याच खाटेवर होता. डॉक्टर त्याची नाडी बघून पुन्हा पुन्हा विचारत होते, कुठला झाडपाला पोटात गेलाय का?”

“काय सांगितलंत?”

“मला बोलवतच नव्हतं. प्रतिक्षा म्हणाली, नाही, झऱ्याचं पाणी प्यालेत, आदिवासी त्यात मासे मारायचं विष टाकतात.”

---

दोन दिवसांनी सकाळी फौजदार पाखरमाळावर आले ते कुरकुरतच. वनितानं त्यांना फोटो दाखवले होते, म्हणून आले. निलेश, प्रतिक्षा, मनस्वी, काळुराम आणि चिमा सगळे पोपटीच्या जागी जमले. निलेशनं सवयीनं खाडीचा एक फोटो काढला.

“पाण्यापासून सुरुवात करू,” वनिता म्हणाली. “मनस्वीबाईंचा हा फोटो बघा. मंगळ्या स्वतः पाणी पितोय. मागं सगळे बाटल्या भरतायत. पाणी सगळेच प्याले, आजारी पडले दोघेच. कोंडीत खेकडे आणि मासे आजही जिवंत आहेत. ज्या विषानं मासा मरत नाही, त्यानं माणूस मेला म्हणता?”

“पण गोणी सापडली,” काळुराम म्हणाला.

“सापडली. अख्ख्या फळांची. गेळ आधी ठेचतात, लगदा करतात, तेव्हा त्याचा अंमल पाण्यात उतरतो. आणि टाकतात ते उन्हाळ्यात, डबकी थिजतात तेव्हा. माघात, वाहत्या पाण्यात टाकला तर मासे कोंडीत आणि गेळ खाडीत. असा मूर्खपणा कातकरी करणार नाही. करेल तो ज्यानं ही रीत फक्त रीलमध्ये पाहिलीय. त्या रीलमध्ये करपलेलं रान आहे, थिजलेलं डबकं आहे. फक्त ठेचण्याचं काम नाही. रील सुरू होतो तो टोपलीपासून.”

निलेशनं मोबाइल खिशात घातला.

“मग त्या दोघांनी असं काय खाल्लं, जे बाकीच्यांनी खाल्लं नाही? लहान मडकं. शनिवार पाळणाऱ्यांसाठी ऐनवेळी वाढवलेलं. चिमाकडून भांबुर्डा आला एका मडक्यापुरता, एक भारा. मग दुसऱ्या मडक्यात कुठला पाला गेला?”

तिनं पिशवीतून खापर काढलं.

“हे त्याचं बूड. मोठं मडकं घरी गेलं, हे तेवढं कड्यावरून फेकलं. पान बघा. लांब, चिवट, बिनवासाचं. कण्हेर. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत ती. गडबच्या पुढं दुभाजकात एक झुडूप छाटलेलं आहे. पेणहून टेम्पो त्याच रस्त्यानं येतो. निलेशचा फोन आला तेव्हा टेम्पो निघालेला होता. चिमाकडं आणखी एक भारा मागितला असता, तर तो कापून होईपर्यंत वाडीत थांबावं लागलं असतं. पाला तो पाला, असं वाटलं. वरून तोच रस शेंगांत उतरला.”

सगळ्यांची तोंडं प्रतिक्षाकडं वळली.

“इथपर्यंत चूक,” वनिता म्हणाली. “अक्षम्य, पण चूकच. पुढचं मात्र चूक नाही. प्रतिक्षा, हे ओरखडे जेवणाआधीचे म्हणालीस. जेवणाच्या फोटोत तुझे हात स्वच्छ आहेत. काटे टोचले ते नंतर, गेळाच्या झुडपात. रविवारी सकाळी तू फळं तोडलीस, कोंडीत गोणी ठेवलीस आणि उतरताना कुणी पाहिलं तर कारण हवं, म्हणून चिमाच्या दारात तांदूळ घेऊन गेलीस.”

“मी... मला वाईट वाटलं म्हणून गेले!”

“कशाचं वाईट? मंगळ्याला पोलिसांनी नेलं दुपारी. तू सकाळीच त्याच्या बायकोपुढं रडत होतीस.”

दत्तानं कपाळावर हात मारला. ही गोष्ट त्यानंही ऐकली होती, आणि वर पोरीचं कौतुक केलं होतं.

“पाल्याचा संशय तुला कधी आला?” वनितानं विचारलं.

प्रतिक्षा खाली बसली. “डॉक्टरांनी झाडपाल्याचं विचारलं तेव्हा.”

“आणि तेव्हाच तू म्हणालीस, नाही, पाणी. कण्हेर म्हणाली असतीस तर डॉक्टरांना कुठली दिशा धरायची ते कळलं असतं. दिनेश तेव्हा जिवंत होता.”

“सर फोनवर म्हणाले होते, कंपनीच्या जेवणाचं नाव येऊ देऊ नकोस!”

“मी असलं काही सांगितलं नव्हतं,” निलेश घाईनं म्हणाला आणि तिच्यापासून दोन पावलं बाजूला झाला.

“पण मंगळ्याच का?” दत्तानं न राहवून विचारलं. “त्यानं काय केलं होतं तुझं?”

प्रतिक्षानं डोळे पुसले. तिला हे समजावून सांगायचं होतं, आणि समजेल असंही वाटत होतं.

“काका, माझं लग्न ठरतंय. आईला माझ्याशिवाय कोणी नाही. त्यांना काय, सुटले असते थोड्या महिन्यांनी. त्यांच्यात आत-बाहेर चालूच असतं. त्यांना तेवढं लागत नाही.”

मनस्वीनं मान फिरवून खाडीकडं पाहिलं. फौजदारांनी टोपी काढून पुन्हा घातली. वनिताला वाटलं, हे वाक्य प्रतिक्षानं तोंडानं उच्चारलं एवढंच. चौकशी न करता माणूस उचलणाऱ्यांनी, फोटो दाबून ठेवणाऱ्यांनी, पेपर वाचून मान डोलावणाऱ्यांनी ते मनात कधीच म्हणून टाकलं होतं. त्यात आपल्या ऑफिसातला पेपरही आलाच.

चिमा उठून कड्याच्या बाजूला गेली आणि तिनं घशात बोटं घातली. त्या तांदळाचा भात पोरांनी आणि तिनं रोज खाल्ला होता. बाहेर काहीच पडलं नाही. तरी ती बराच वेळ ओकाऱ्या देत राहिली, आणि वनिता तिची पाठ धरून उभी राहिली.

---

मंगळ्या सुटला त्या दिवशी चिमाला घेऊन वनिता आणि दत्ता गेले होते. कोंडीवरचा पहारा उठला होता. प्रतिक्षा कोठडीत होती. निलेशवरही काही कलमं लागणार होती, पण वकील चांगला होता आणि जामीन झटपट झाला.

मंगळ्या बाहेर आला तेव्हा उन्हानं डोळे मिचकावत होता. गालावर एक जुना पिवळा पडलेला वळ होता. तो कशाचा, हे कुणी विचारलं नाही. चिमानं त्याच्या हाताला धरलं आणि सोडलं.

गेटपाशी निलेश उभा होता. हातात शाल आणि नारळ. सोबत मोबाइल धरलेली एक नवी मुलगी.

“मामा! झालं गेलं विसरून जा. नवीन नावानं सुरू करतोय. सगळीकडं तुमचीच चर्चा आहे, लोक विचारतायत, तेच मामा वाट दाखवणार का? येत्या शनिवारचा ग्रुप फुल्ल आहे.”

वनिता पुढं झाली. “मंगळ्या, नाही म्हण. मी बघते काहीतरी.”

मंगळ्यानं तिच्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता.

“काय बघशील गो ताई? वीटभट्टीवाला आता घेत नाय. गाववाला शेतात घेत नाय. सुटला तरी विषवालाच बोलतात.” तो चिमाकडं वळला. चिमा जमिनीकडं बघत होती. मग त्यानं निलेशला विचारलं, “सकाळच्याच गाडीला येवू ना?”

“सकाळच्याच!” निलेशनं त्याच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ हातात दिला आणि मुलीला खूण केली. तिनं मोबाइल आडवा धरला.

“मामा, इकडं बघा. जरा हसा की.”

मंगळ्या हसला.